पान बदलले तरी मथळा हवा

ग्रामपंचायतीच्या कपाटातील जुनी करमागणीची नोंदवही उघडून पाहिली, तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. नोंदवहीचे कोणतेही पान उलगडावे, त्याच्या माथ्यावर रकान्यांची नावे छापलेली असतात. अनुक्रमांक, मिळकतीचा क्रमांक, मालकाचे नाव, मागील थकबाकी, चालू मागणी, एकूण मागणी, वसुली आणि शिल्लक हे सारे शब्द पहिल्या पानावर असतात, तसेच शेवटच्या पानावरही असतात. मुद्रणालयात प्रत्येक पानासाठी एकच साचा वापरला जाई. त्यामुळे नोंदी करणाऱ्या कारकुनास मथळ्याची काळजी करण्याचे कारण नसे. पुढचे पान उलटले की मथळा तेथे आधीच हजर असे.

आज अशा कितीतरी याद्या, विवरणपत्रे आणि जोडपत्रे संगणकावर तयार होतात. संगणकावर लेखन, जुळणी आणि छपाई करणाऱ्या कार्यक्रमास शब्दसंस्कारक किंवा रूढ भाषेत वर्ड प्रोसेसर म्हणतात. मायक्रोसॉफ्ट वर्ड हा त्यांपैकी सर्वांत परिचित कार्यक्रम होय. तो १९८३ मध्ये प्रथम बाजारात आला. विनामूल्य उपलब्ध असणारा लिब्रेऑफिस रायटर हा कार्यक्रमही वापरात आहे. या साधनांनी टंकलेखकाचे श्रम पुष्कळ हलके केले. परंतु छापील नोंदवही जे काम न सांगता करीत असे, ते काम या साधनांना सांगावे लागते. ते सांगितले नाही, किंवा चुकीच्या रीतीने सांगितले, तर पहिल्या पानावर मथळा आणि पुढील सर्व पानांवर नुसते आकडे अशी यादी हाती येते.

मथळ्याविना पान

हा दोष वरकरणी किरकोळ वाटतो. परंतु त्याचे परिणाम किरकोळ नसतात. समजा, एका ग्रामपंचायतीकडे ४०० मिळकती आहेत आणि छापलेल्या यादीच्या एका पानावर २२ नोंदी मावतात. ही यादी १९ पानांची होईल. तिच्या सातव्या पानावर एका खातेदाराच्या नावापुढे ४८०, १२५०, १७३०, ९०० आणि ८३० असे पाच आकडे आहेत. पहिले पान समोर असेल, तर थकबाकी ४८० रुपये, चालू मागणी १२५० रुपये, एकूण मागणी १७३० रुपये, वसुली ९०० रुपये आणि शिल्लक ८३० रुपये असा त्याचा अर्थ लागतो. केवळ सातवे पान समोर असेल, तर ९०० रुपये भरले की ९०० रुपये भरावयाचे आहेत, हे कोणी सांगावे? ज्याने पैसे भरले, त्याचेच नाव ग्रामसभेत थकबाकीदार म्हणून वाचले गेले, तर त्या माणसाच्या मनाला लागणारी बोच कोणत्याही शुद्धिपत्रकाने पुरती भरून येत नाही.

पाने वेगळी होतात, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. सभेत यादीची पाने सदस्यांमध्ये वाटली जातात. तपासणीच्या वेळी एखादेच पान नस्तीस जोडले जाते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये एखादा नागरिक आपल्या नावाची नोंद असलेल्या पानाचीच प्रत मागतो. अशा वेळी ते एक पान स्वतःच्या बळावर समजले पाहिजे. मथळा नसलेले पान म्हणजे खांबावरून उतरवलेली दिशादर्शक पाटी. तिच्यावरील अक्षरे खरी असतात. परंतु त्यांचा रोख कोणीकडे आहे, हे कळत नाही.

हाताने टंकलेला मथळा

या अडचणीवर कचेऱ्यांतून सर्रास योजला जाणारा उपाय म्हणजे पान संपते तेथे नवी ओळ घालून मथळा पुन्हा टंकणे, किंवा पहिल्या पानावरील मथळ्याची नक्कल तेथे चिकटवणे. त्या क्षणी छापलेली प्रत नीटनेटकी दिसते आणि काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात हा उपाय मूळ दोषापेक्षा अधिक त्रासदायक ठरतो.

वरील उदाहरणातील १९ पानांच्या यादीत तिसऱ्या पानावर एक नाव नव्याने घालावयाचे आहे, असे समजू. ते घालताच त्याखालच्या सर्व नोंदी एकेक ओळ खाली सरकतात. चौथ्या पानापासून एकोणिसाव्या पानापर्यंत हाताने घातलेले १६ मथळेही एक ओळ खाली जातात. प्रत्येक पानाच्या माथ्यावर आता मागील पानाची शेवटची नोंद येते आणि मथळा तिच्या खाली दिसतो. उलट एक नाव वगळले, तर हेच १६ मथळे मागील पानाच्या तळाशी जाऊन बसतात. संगणक परिचालकास मग सोळाही ठिकाणी दुरुस्ती करीत बसावे लागते. शिवाय यादी अकारविल्हे किंवा रकमेनुसार क्रमाने लावावयाची झाली, तर मथळ्याच्या या नकला संगणकाच्या दृष्टीने साध्या नोंदीच असतात. त्यामुळे त्याही खातेदारांच्या नावांत मिसळून जातात.

असे का होते, हे समजण्यासाठी संगणक तक्त्याकडे कसा पाहतो, ते जाणले पाहिजे. छापील नोंदवहीत आधी पान असते आणि मग नोंद होते. शब्दसंस्कारकात याच्या नेमके उलट घडते. तक्ता हा एक अखंड पट्टा म्हणून साठवला जातो आणि कागदाचा आकार, समास, अक्षरांचा आकार व ओळींची उंची यांनुसार तो पट्टा पानापानांत कापला जातो. यांपैकी एकही गोष्ट बदलली की कापण्याची जागा बदलते. म्हणून मथळा अमुक जागी ठेवून भागत नाही. 'ही ओळ मथळ्याची आहे. पट्टा जेथे जेथे कापला जाईल, तेथे ती पुन्हा छापावी' असा गुण त्या ओळीस द्यावा लागतो. पुढील सर्व उपायांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

योग्य रीत

मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये हा गुण देण्याची रीत सोपी आहे. तक्त्याची पहिली ओळ निवडावी. कर्सर तक्त्यात असताना वरील पट्टीवर 'टेबल लेआउट' असा विभाग दिसतो. जुन्या आवृत्त्यांत त्याचे नाव नुसते 'लेआउट' असते. त्या विभागातील 'रिपीट हेडर रोज' या आज्ञेवर टिचकी मारावी. हेच काम दुसऱ्या वाटेनेही होते. निवडलेल्या ओळीवर उजवी टिचकी मारून 'टेबल प्रॉपर्टीज' उघडावे, त्यातील 'रो' या पानावर जावे आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावर मथळा पुन्हा छापण्याविषयीच्या चौकटीत खूण करावी.

लिब्रेऑफिस रायटरमध्ये 'टेबल' या यादीतून 'प्रॉपर्टीज' निवडावे आणि 'टेक्स्ट फ्लो' या पानावर 'रिपीट हेडिंग' या चौकटीत खूण करावी. मथळ्याच्या किती ओळी पुन्हा छापावयाच्या, तो आकडा तेथेच देता येतो. त्याच पानावर तक्ता एकाहून अधिक पानांवर विभागण्यास परवानगी देणारी चौकट असते. तीवरही खूण असल्याची खात्री करावी. गूगल डॉक्स वापरणाऱ्यांसाठी पहिली ओळ माथ्याशी 'पिन' करण्याची सोय आहे. आवृत्ती बदलली की आज्ञांचे शब्द थोडेफार बदलतात, अर्थ मात्र तोच राहतो.

हा गुण एकदा दिला की नावे वाढोत अथवा कमी होवोत, मथळा आपली जागा आपण शोधतो. पुढील पानांवरील मथळे ही पहिल्या मथळ्याची प्रतिबिंबे असतात. त्यांत स्वतंत्रपणे फेरफार करता येत नाही. एखाद्या रकान्याचे नाव बदलावयाचे असेल, तर ते पहिल्या पानावर बदलावे. इतर सर्व पानांवर ते आपोआप बदलते.

आज्ञा देऊनही मथळा का उमटत नाही ?

खरी अडचण यापुढे येते. आज्ञा दिलेली असते, तरीही दुसरे पान मथळ्याविना येते. अशा वेळी यंत्रास दोष दिला जातो किंवा पुन्हा हाताने मथळे टंकण्याचा मार्ग धरला जातो. वास्तविक या बिघाडाची कारणे मोजकीच आहेत आणि क्रमाने तपासल्यास ती बहुधा सापडतात.

पहिले कारण म्हणजे तक्त्याच्या मधोमध घातलेला पानखंड. नवे पान सुरू करण्यासाठी कंट्रोल आणि एंटर या कळा एकत्र दाबण्याची सवय अनेकांस असते. साध्या मजकुरात ती निरुपद्रवी आहे. वर्डमधील तक्त्यात मात्र या कळा दाबताच तक्त्याचे दोन तुकडे होतात. खालचा तुकडा हा संगणकाच्या लेखी वेगळा तक्ता असतो आणि त्याला मथळाच नसतो. पट्टा आपोआप कापला जातो तेथेच मथळा पुन्हा छापला जातो. हाताने कापलेल्या ठिकाणी तो छापला जात नाही. प्रत्येक प्रभागाची किंवा वस्तीची नोंद नव्या पानावर यावी म्हणून पुष्कळदा असे पानखंड घातले जातात. त्याऐवजी त्या प्रभागाच्या पहिल्या ओळीतील मजकूर निवडावा आणि 'पॅरेग्राफ' या आज्ञेतील 'पेज ब्रेक बिफोर' या चौकटीत खूण करावी. नोंद नव्या पानावर जाते, तक्ता अखंड राहतो आणि मथळाही येतो.

दुसरे कारण पहिल्याचे भावंड आहे. तक्ता एक दिसतो. परंतु तो एक नसतो. निरनिराळ्या वाड्यांकडून किंवा वर्गशिक्षकांकडून आलेल्या याद्या एकाखाली एक चिकटवून मोठी यादी तयार होते. रेषा एकमेकींस भिडलेल्या दिसल्या, तरी मध्ये एक रिकामा परिच्छेद लपलेला असू शकतो. तक्त्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात चार बाण असलेली खूण दिसते. तिच्यावर टिचकी मारली की तो संपूर्ण तक्ता निवडला जातो. छाया शेवटच्या ओळीपर्यंत न जाता मध्येच थांबली, तर तेथे तक्ता तुटलेला आहे, असे समजावे. लपलेल्या खुणा दाखवण्याची आज्ञा देऊन मधला रिकामा परिच्छेद शोधावा आणि काढून टाकावा, म्हणजे दोन्ही भाग जोडले जातात.

तिसरे कारण मथळ्याच्या स्थानाचे. मथळा म्हणून दिलेली ओळ तक्त्याच्या पहिल्या ओळीपासून सुरू झाली पाहिजे, असा नियम आहे. अनेक याद्यांत 'सन अमुकची थकबाकी यादी' हे शीर्षक तक्त्याच्याच पहिल्या ओळीत, सर्व रकाने एकत्र करून लिहिलेले असते आणि रकान्यांची नावे दुसऱ्या ओळीत येतात. केवळ दुसरी ओळ निवडली, तर आज्ञा निष्क्रिय दिसते. अशा वेळी शीर्षक तक्त्याबाहेर, वर घ्यावे. ते प्रत्येक पानावर यावे अशी इच्छा असेल, तर दोन्ही ओळी एकत्र निवडून आज्ञा द्यावी.

चौथे कारण तरंगत्या तक्त्याचे. माउसने ओढून तक्ता इकडेतिकडे सरकवला की वर्ड कधी कधी त्याला चित्रासारखा मानते आणि भोवती मजकूर वाहू देते. अशा तरंगत्या तक्त्याचा मथळा पुढील पानावर येत नाही. 'टेबल प्रॉपर्टीज' उघडून 'टेबल' या पानावरील 'टेक्स्ट रॅपिंग' हा पर्याय पाहावा. तो 'अराउंड' असल्यास 'नन' करावा.

पाचवे कारण तक्त्याच्या पोटातील तक्त्याचे. कार्यालयाचे नाव, बोधचिन्ह आणि पत्ता नीट बसावा म्हणून काही ठिकाणी संपूर्ण पत्राचीच चौकट तक्ता करून आखलेली असते आणि यादी त्या चौकटीच्या एका घरात ठेवली जाते. एखाद्या संकेतस्थळावरून उचललेली यादीही अशी एकात एक अडकलेली असू शकते. आतल्या तक्त्याचा मथळा पानोपानी छापला जात नाही. आतला तक्ता निवडून, कापून, बाहेरच्या चौकटीखाली मोकळ्या जागेत चिकटवावा. मजकूर-पेटीत म्हणजे टेक्स्ट बॉक्समध्ये ठेवलेल्या तक्त्यालाही तेथून बाहेर काढावे. कारण अशी पेटी एका पानावरून दुसऱ्या पानावर वाहतच नाही.

सहावे कारण नुसत्या गैरसमजाचे आहे. वर्डमध्ये तक्त्याच्या सजावटीच्या विभागात 'हेडर रो' अशी एक चौकट असते. तिच्यावर खूण केली की पहिली ओळ ठळक किंवा रंगीत होते. ही केवळ सजावट होय. तिने मथळा पुढील पानावर येत नाही. त्याचप्रमाणे पानाच्या माथ्यावरील समासात लिहावयाचा मजकूर, ज्याला 'हेडर' म्हणतात, तो आणि तक्त्याचा मथळा या दोन भिन्न गोष्टी आहेत. पानाच्या हेडरमध्ये रकान्यांची नावे लिहिली, तर ज्या पानावर तक्ताच नाही त्या पानावरही ती छापली जातात. एखाद्या रकान्याची रुंदी बदलली, की वरची नावे आणि खालचे आकडे यांचा मेळ बसत नाही.

सातवे कारण तर बिघाडच नव्हे. पुन्हा येणारे मथळे छपाईच्या स्वरूपातील दृश्यात, म्हणजे 'प्रिंट लेआउट' मध्ये दिसतात. संगणक 'ड्राफ्ट' किंवा 'वेब लेआउट' दृश्यात असेल, तर ते पडद्यावर दिसत नाहीत. कागदावर मात्र उमटतात. दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी दृश्य कोणते आहे, हे पाहून घ्यावे.

दोन ओळींचा मथळा

शासकीय विवरणपत्रांत एका ओळीचा मथळा क्वचितच पुरतो. 'मागणी' या शब्दाखाली 'मागील', 'चालू' आणि 'एकूण' असे तीन पोटरकाने असतात. 'अनुक्रमांक' आणि 'नाव' यांची घरे मात्र दोन्ही ओळींवर उभी जोडलेली असतात. त्याखाली रकान्यांचे १, २, ३ असे क्रमांक देण्याचीही रूढी आहे. हा मथळा तीन ओळींचा झाला. तो पुन्हा यावयाचा, तर तिन्ही ओळी एकत्र निवडल्या पाहिजेत. घरे उभी जोडलेली असल्याने एकेक ओळ निवडताना संगणक हरकत घेतो. म्हणून पहिल्या घरापासून रकान्यांच्या क्रमांकांच्या शेवटच्या घरापर्यंत माउस ओढून सर्व ओळी एकदम निवडाव्यात आणि मग आज्ञा द्यावी. मथळ्यातील जोडलेले घर खालच्या नोंदींपर्यंत उतरलेले नाही ना, हेही पाहावे. लिब्रेऑफिसमध्ये अशा वेळी पुन्हा छापावयाच्या ओळींचा आकडा ३ द्यावा.

पानाच्या तळाशी पानाची बेरीज देणे आणि पुढील पानाच्या आरंभी 'मागील पानावरून' ती रक्कम घेणे, ही हिशेबाची जुनी व चांगली शिस्त आहे. परंतु शब्दसंस्कारकातील मथळ्याची सोय हे काम करीत नाही. ही बेरीज बसवण्यासाठीच अनेक ठिकाणी पानागणिक तक्ता तोडला जातो आणि मथळा हरवतो. ज्या यादीत पानवार बेरीज अनिवार्य असेल, तिचे प्रत्येक पान हेतुपूर्वक स्वतंत्र तक्ता करून त्याला मथळ्यासह मांडावे आणि यादी अंतिम झाल्यावरच हे काम हाती घ्यावे. इतर सर्व याद्यांत अखेरची एक बेरीज पुरेशी असेल, तर तक्ता अखंड ठेवणे श्रेयस्कर.

मराठी अक्षरे आणि ओळीची उंची

मराठी मजकुराच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. देवनागरी अक्षराच्या वर वेलांटी, मात्रा व अनुस्वार येतात आणि खाली उकार येतात. प्रत्येक अक्षरसंचात यासाठी राखलेली जागा वेगळी असते. 'मंगल' या अक्षरसंचात टंकलेली यादी 'कोकिला' मध्ये पालटली, तर ओळींची उंची घटते आणि पानांवरील नोंदींची संख्या बदलते. ज्या संगणकावर मूळ अक्षरसंच नाही, तेथे तीच यादी उघडली, तर संगणक आपल्याजवळचा दुसरा अक्षरसंच वापरतो आणि पाने निराळ्या ठिकाणी तुटतात. ग्रामपंचायतीत नीट दिसणारी यादी पंचायत समितीत उघडताच विस्कटते, त्याचे एक कारण हे आहे. हाताने घातलेले मथळे अशा वेळी हमखास भलत्या जागी जातात. गुण म्हणून दिलेला मथळा मात्र पाने कोठेही तुटली तरी माथ्यावरच राहतो. यादी युनिकोड अक्षरांत टंकावी आणि दुसऱ्या कार्यालयास पाठवताना, दुरुस्ती अपेक्षित नसेल तर, पीडीएफ स्वरूपात पाठवावी, हे उत्तम.

ओळींची उंची 'एक्झॅक्टली' या पर्यायाने जखडून ठेवण्याचा मोह टाळावा. त्यामुळे एका पानावर चार नोंदी अधिक मावतात खऱ्या. पण वेलांट्या आणि उकार कापले जाऊन नावांचा विपर्यास होतो. उंची 'ॲट लीस्ट' या पर्यायावर ठेवावी. तसेच एका खातेदाराचे नाव एका पानावर आणि पत्त्याचा उरलेला भाग पुढील पानावर, असे होऊ नये म्हणून 'टेबल प्रॉपर्टीज' मधील 'रो' या पानावर ओळ दोन पानांत तोडण्यास परवानगी देणारी चौकट रिकामी करावी. ग्रामसभेच्या इतिवृत्तात जेथे एकाच घरात पानभर ठराव लिहिलेला असतो, तेथे मात्र ती चौकट खूण केलेलीच असू द्यावी.

शाळा, निकालपत्रके आणि गणनपत्रक

शिक्षकांपुढे हाच प्रश्न निकालपत्रकांच्या रूपाने येतो. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गाचे निकालपत्रक दोन किंवा तीन पानांचे होते. दुसऱ्या पानावर मथळा नसेल, तर गणिताचे गुण विज्ञानाच्या रकान्यात वाचले जाण्याचा संभव असतो. पालकास दाखवले जाणारे पान नेमके तेच असले, तर त्याचा शाळेवरील विश्वास डळमळतो.

निकालपत्रके बहुधा एक्सेलसारख्या गणनपत्रकात तयार होतात. तेथे मथळ्याची रीत वेगळी आहे. पडद्यावर वरची ओळ स्थिर ठेवणारी 'फ्रीझ पेन्स' ही आज्ञा केवळ पडद्यापुरती असते. छपाईशी तिचा संबंध नाही. छापील प्रतीसाठी 'पेज लेआउट' विभागातील 'प्रिंट टायटल्स' ही आज्ञा उघडावी आणि माथ्यावर पुन्हा छापावयाच्या ओळी तेथे नमूद कराव्यात. पत्रक आडवे पसरून विद्यार्थ्यांची नावे पहिल्याच पानावर राहात असतील, तर डावीकडे पुन्हा छापावयाचे रकानेही तेथेच सांगता येतात. हा तक्ता उचलून वर्डमध्ये चिकटवला, तर तेथे मथळ्याची आज्ञा नव्याने द्यावी, हे उत्तम.

मथळ्याची ओळ नीट नेमून दिल्याचा आणखी एक लाभ आहे. दृष्टिहीन व्यक्ती पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे कार्यक्रम वापरतात. कोणती ओळ मथळ्याची आहे, हे अशा कार्यक्रमास कळले, तर आकड्याबरोबर त्याच्या रकान्याचे नावही सांगणे त्याला शक्य होते. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ लागू झाल्यानंतर सार्वजनिक दस्तऐवज सर्वांना वापरता येतील असे असणे ही केवळ सौजन्याची बाब उरलेली नाही.

छपाईपूर्वीची तपासणी

यादीवर सही होण्यापूर्वी पाच गोष्टी पाहण्याची सवय लावून घेतली, तर बहुतेक चुका टळतात. एक, चार बाणांच्या खुणेवर टिचकी मारून संपूर्ण तक्ता एकसंध निवडला जातो काय, ते पाहावे. दोन, मथळ्याच्या सर्व ओळी, पहिल्या ओळीपासून, निवडूनच आज्ञा दिली आहे काय, याची खात्री करावी. तीन, मधोमध एखादी रिकामी ओळ तात्पुरती घालून मथळे जागचे हलतात काय, ते पाहावे आणि ती ओळ लगेच काढून टाकावी. मथळे हलले, तर ते हाताने टंकलेले आहेत हे निश्चित. चार, छपाईपूर्व दृश्यात पहिले, दुसरे आणि शेवटचे पान डोळ्यांखालून घालावे. पाच, पानांना 'पान ७ पैकी १९' असे न देता '१९ पैकी ७' असे क्रमांक द्यावेत, म्हणजे सुटे पान मूळ यादीत कोठले आहे, हेही कळते.

हे सर्व करण्यास काही मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. कार्यालयात नेहमी लागणाऱ्या याद्यांचे कोरे नमुने एकदाच योग्य मथळ्यासह तयार करून ठेवले, तर तेवढाही वेळ पुढे लागत नाही. नवीन परिचालक आला, तरी नमुना त्याला वाट दाखवतो.

गावातील सामान्य माणसाच्या हाती शासनाच्या दप्तरातील संपूर्ण यादी सहसा पडत नाही. त्याच्या हाती पडते ते एक पान, आणि त्या पानावर त्याचे नाव व काही आकडे असतात. त्या आकड्यांचा अर्थ कोणास न विचारता त्याला वाचता यावा, एवढी त्याची अपेक्षा असते. जुन्या नोंदवहीच्या प्रत्येक पानाने ती अपेक्षा पुरी केली होती. संगणकाने काढलेल्या पानानेही ती पुरी केली पाहिजे, आणि त्यासाठी मथळ्याच्या ओळीस एकदाच योग्य आज्ञा देणे पुरेसे आहे.